पोट्टं उठलं का कापा

बाईंनी माझं नाव कधी घेतलं नाही. मी त्यांच्यासाठी ‘कॅमेरा’ होतो. केबलचा मालक ‘केबल’ होता, हार्मोनियम वाजवून देणारे गुरुजी ‘पेटी’ होते, आणि त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका मापांवरून ओळखल्या जायच्या. ती मापं इथे लिहीत नाही. मी माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तेव्हा बाईंनी चष्मा लावून ती नीट वाचली आणि म्हणाल्या, “पोरगी तं चांगल्या घरची दिसते. हा पोरगा कोन हाये?”

“मीच, बाई.”

“अस्सं? मंग तसं लिहाव नाई का?”

चंद्रपूरकडच्या आमच्या मूल गावात, राइस मिलच्या रस्त्यावर त्यांचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं. पुढे ओसरी, तिच्यावर दोन मशीन, आत एक खोली आणि खोलीच्या दाराला जुन्या साडीचा पडदा. याच खोलीत तयार होऊन दर रविवारी सकाळी आमच्या गावच्या केबलवर लहान मुलांचा एक कार्यक्रम लागायचा. टेलरनं टीव्हीचा कार्यक्रम करावा हे विचित्र खरंच, पण त्याची सुरुवात अगदी साधी होती. केबलचं ऑफिस दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. रविवारी सकाळी दाखवायला काही नसलं की मालक पडद्यावर एक गुलाबाचं फूल लावून ठेवायचा आणि मागे बासरी. एक दिवस बाई हातातली कैचीही खाली न ठेवता जिना चढून वर गेल्या. “काऊन रे केबल, पोट्टे का तुह्या फुलाले पाहून मोठे होतीन?” मालकाची बायको बाईंचीच गिऱ्हाईक होती, आणि लग्नसराई तोंडावर आलेली. त्यानं मुकाट्यानं अर्धा तास देऊन टाकला.

कार्यक्रमाचं नाव ‘काऊन’. पुण्या-मुंबईचा माणूस जिथे ‘का’ म्हणतो तिथे आम्ही ‘काऊन’ म्हणतो, आणि आमच्याकडची पोरं दिवसभर तेच म्हणत असतात. पाच-पाच मिनिटांच्या आम्ही केलेल्या फिल्म असायच्या. भात शिजला की फुगते काऊन? बोडीतलं, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यातलं, पाणी वरून गरम आन् खालून थंड काऊन? प्रत्येक फिल्म प्रश्नावर संपायची. उत्तर नाही. उत्तर द्यायचंच नाही, हा बाईंचा हट्ट होता.

यामुळे गावातल्या मोठ्या माणसांची पंचाईत व्हायची. एकदा बँकेतले एक साहेब दुकानात तावातावानं आले. पाहुण्यांसमोर त्यांच्या मुलीनं त्यांना भाताचा प्रश्न विचारला होता आणि त्यांना उत्तर देता आलं नव्हतं. “बाई, तुमच्यामुळे पोट्टी डोकं खाऊन राह्यली. उत्तर सांगून मोकळं व्हायले काय होते तुमाले?”

बाई गळ्यात टेप अडकवून काज करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुमाले येत नाई तं नाई येत म्हना ना भाऊ. आपल्या बापाले समदं येत नाई, हे बी पोट्टीनं पाह्यलं पाह्यजे.”

साहेब गेले. पुढच्या आठवड्यात त्यांची बायको सांगत आली की साहेब स्वयंपाकघरात पातेल्याजवळ स्टूल टाकून बसले होते आणि मुलगी शेजारी उभी होती.

टीव्हीवर बाईंची श्रद्धा होती. लोक टीव्हीला नावं ठेवायचे, मुलं बिघडतात म्हणायचे. बाईंना ते पटत नसे. “टीवी घरचा असते,” त्या म्हणायच्या. “तिथी आजी बसली असते, काकू तांदूळ निवडून राह्यली असते. पोट्ट्यानं काऊन म्हटलं तं कोनी ना कोनी आयकते. फोन एकट्याचा. फोनवर पाह्यल्यावर त्यानं इचाराव कोनाले, भितीले?” आम्ही कितीदा तरी म्हटलं की बाई, सगळं यूट्यूबवर टाकू, जगभर दिसेल. “जगभर कायले? मले मूलमंदी दिसलं तं पुरे,” हे ठरलेलं उत्तर.

आम्ही म्हणजे तीन-चार पोरं. कोणी लग्नाचं शूटिंग करायचं, कोणी वाढदिवसाचे बॅनर. सगळ्यांनाच फिल्मवाले व्हायचं होतं, आणि मूलमध्ये राहून फिल्मवालं होणं म्हणजे काय हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. शॉर्ट फिल्म करतो म्हटलं की सासरा विचारायचा, “मंग मोठी कधी?” नोकरीत जसं कायम होतात तसं शॉर्टमधून मोठ्यात कायम होतात अशी त्याची समजूत असावी. खोटं कशाला बोलू, माझीही तीच होती. एकदा मी बाईंजवळ रडगाणं गायलो, की या छोट्या फिल्म करता करता म्हातारा होईन. बाईंनी मशीन थांबवलं.

“बकरी मोठी झाली का गाय होते का बे?”

“नाही.”

“मंग बकरीले गाय होत नाई म्हनून रडतात का? ते बकरीच असते. तिचं दूध निराळं, तिचं काम निराळं. छोटी फिल्म म्हनजे मोठीचं पिलू नाई.”

पुढे एका शहरातल्या महोत्सवात मला स्टेजवर बोलायला लावलं तेव्हा मी हेच वाक्य माझं म्हणून ठोकून दिलं. टाळ्या पडल्या.

शूटिंगला बाई टेप घेऊन यायच्या. कॅमेरा दुसरीतल्या पोराच्या डोळ्याइतक्या उंचीवर असला पाहिजे, यात अर्ध्या इंचाची सूट मिळत नसे. “वरून पाह्यलं का पोलीस वाटते, खालून पाह्यलं का भिकारी. पोट्ट्याच्या डोयातून पाह्य.” यामुळे मी आयुष्याची कितीतरी वर्षं गुडघ्यांवर काढली. धानाच्या बांधावर, कोळशाच्या काळ्या रस्त्यावर, मोहाखालच्या पाचोळ्यात. गुडघे सोलवटले तेव्हा बाईंनी माझ्या दोन पँटी मागून घेतल्या आणि गुडघ्यांवर आतून गोधडीचे जाड तुकडे शिवून दिले. तसली पँट घालून मी एकदा चंद्रपूरला एका लग्नात शूटिंगला गेलो होतो. नवरदेवाच्या मामानं विचारलं, गुडघे सुजले का म्हणून.

पण बाईंची खरी करामत कापण्यात होती. ब्लाउज असो की फिल्म, कापायला त्याच. फिल्म तयार झाली की आतल्या खोलीत सतरंजी टाकून गल्लीतली पोरं बसवायची. सगळे टीव्हीकडे तोंड करून, आणि बाई टीव्हीकडे पाठ करून, पोरांच्या समोर. त्यांनी आमची एकही फिल्म पहिल्या वेळी पडद्यावर पाहिली नाही, पोरांच्या तोंडावर पाहिली. नियम एकच: पोट्टं उठलं का कापा. मूल उठून दाराच्या पडद्याबाहेर गेलं की बाई हवेत कैची वाजवायच्या, कच्च! मी लॅपटॉपवर तिथे खूण करायची. मग तो शॉट उडालाच. कितीही सुंदर असो, त्यासाठी मी पहाटे उठून थंडीत कुडकुडलेलो असो. मी वाद घालायचो, “बाई, पोरगं लघवीला गेलं असेल.”

“मंग शॉट असा पाह्यजे का त्यानं दाबून धराव.”

या पद्धतीवर माझा पुरता विश्वास बसला होता. आमच्या फिल्म आखूड, घट्ट, अंगाला बसलेल्या व्हायच्या. त्यातल्याच दोन-चार फिरत फिरत मुंबईच्या एका मोठ्या मुलांच्या चॅनलपर्यंत पोचल्या, आणि तिथून फोन आला.

फोन अगदी वेळेवर आला, कारण केबलनं हात टेकले होते. लोकांनी डिश लावल्या होत्या, उरलेले फोनवर गेले होते. रविवारची सकाळ आता जाहिरातवाल्यांना द्यायची असं त्यानं ठरवलं होतं. “मोठ्या चॅनलनं घेतलं तं मी बी चालू ठेवतो, बाई. नाईतं दिवाळीनंतर बंद.” म्हणजे ‘काऊन’ जगणार की मरणार ते त्या मुंबईच्या चॅनलवर होतं. आणि माझंही. ते मला दिग्दर्शक म्हणून घेणार होते. नावाची पाटी, महिन्याचा पगार, सासऱ्याला दाखवायला एक कार्ड.

चॅनलनं दोन अटी घातल्या. शेवटी प्रश्नाचं उत्तर आलं पाहिजे. आणि सूत्रसंचालक त्यांचा. त्यांनी पाठवलेलं सूत्रसंचालकाचं चित्र मी बाईंना दाखवलं. निळी टोपी घातलेला एक गुबगुबीत कावळा.

“हा कोन?”

मलाही कळेना. मी मुंबईला फोन लावला. पलीकडची मुलगी उत्साहानं म्हणाली, “काऊ! तुमच्या शोचं नावच आहे ना, काऊन? कावळ्याचं लाडाचं नाव. सगळ्यांना फार गोड वाटलं!”

मी फोन ठेवून बाईंना सांगितलं. बाई आधी माझ्याकडे पाहत राहिल्या, मग मशीनवर डोकं टेकवून इतक्या हसल्या की ओसरीवरची गिऱ्हाइकं आत डोकावली. डोळे पुसत म्हणाल्या, “अवो माय! बिचारे पोट्टे काऊन इचारून राह्यले आन् मुंबईवाल्याहिले कावळा दिसून राह्यला.” पण नाही म्हणाल्या नाहीत. “तू कर त्याहिच्या पद्धतीनं एक फिल्म. मंग माह्या पद्धतीनं पाहू. एक बी पोट्टं उठलं नाई, तं सही करते.”

मी जीव तोडून केली. विषय जुनाच घेतला. भिंतीच्या कडेला कोरड्या धुळीत छोटे छोटे गोल खड्डे असतात, तळाशी एक मातकट किडा लपलेला असतो. आम्ही लहानपणी त्याला उलटा किडा म्हणायचो, कारण तो पुढे कधी चालत नाही, मागे मागेच जातो. उलटा काऊन चालते, एवढाच मूळ फिल्मचा प्रश्न होता. चॅनलच्या फिल्ममध्ये कावळा उडत आला, दोन विनोद केले, किड्याचे पाय मोठे करून दाखवले, आणि तो उलटा का चालतो ते गाण्यात सांगून टाकलं. काम चांगलं झालं होतं, हे मी आजही म्हणेन.

पाहायला बाईंनी गल्लीतली पोरं घेतली नाहीत. “हे माह्या तोंडाकडे पाहून बसून राह्यतीन,” म्हणाल्या. आम्ही गडचिरोलीच्या आत, धानोऱ्याच्या पुढच्या एका आश्रमशाळेत गेलो. दुपारची जेवणं झाली होती. सभागृहाच्या खिडक्यांना सतरंज्या टांगून अंधार केला, दार तेवढं हवेसाठी उघडं ठेवलं. मुंबईहून चॅनलच्या मॅडम स्वतः आल्या होत्या. तरुण, समजूतदार, जीपच्या धक्क्यांनी हैराण झालेल्या. बाईंनी त्यांचं नाव अर्थातच ‘चॅनल’ ठेवलं होतं.

फिल्म सुरू झाली. बाई पाठ करून बसल्या, हातात कैची. कावळा आला आणि पोरं खिळली. एकानंही मान वळवली नाही, कोणी खाजवलं नाही, कोणी कोणाला चिमटा काढला नाही. मी कधी बाईंच्या कैचीकडे पाहत होतो, कधी पोरांकडे, आणि मनात म्हणत होतो, बसा रे बाबांनो, आणखी थोडं बसा. गाणं झालं. उत्तर मिळालं. संपली. पोरं तशीच बसून.

कैची एकदाही वाजली नव्हती.

“पास,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, पण खोटही नव्हती. नियम त्यांचाच होता. मॅडमच्या बॅगेतून करार निघाला, पेन निघालं. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

बाई चष्मा शोधत होत्या तेवढ्यात पोरांनी ‘आणखी, आणखी’ असा गलका केला. मॅडम हसून म्हणाल्या, “तुमची जुनीही दाखवा ना. मुलांना फरक कळेल.” मी घाईघाईत जुनी लावली. पाहतो तो काय, चुकून बाईंनी कापण्याआधीची लागली होती, लांबलचक. तिच्यात एक शॉट होता, किडा एका पोराच्या तळहातावर ठेवलेला आणि सावकाश, फार सावकाश, मागे मागे जाणारा. गाणं नाही, बोलणं नाही. मूलच्या खोलीत याच शॉटला चार पोरं उठली होती आणि बाईंनी तो मुळासकट उडवला होता.

इथेही तेच झालं. शॉट आला आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. कच्च! तिच्यामागे दोन मुलं. कच्च! मग मागची अख्खी ओळच. कोणीतरी “बाता? बाता?” म्हणत होतं, गोंडीत ते ‘काय, काय’ विचारणं आहे. “हे तं कापलं होतं ना बे!” बाई फिल्मकडे एक नजर टाकून माझ्यावर ओरडल्या आणि कैची पुन्हा उचलली.

पण ती वाजली नाही. बाईंच्या समोर उघडं दार होतं. मूलच्या दुकानात दाराला साडीचा पडदा असायचा. उठलेलं पोरगं पडद्याआड गेलं की कुठे गेलं ते कोणी पाहिलं नव्हतं. इथे दारातून सरळ व्हरांडा दिसत होता. उठलेली सगळी पोरं व्हरांड्याच्या कडेला, पत्र्याच्या पागोळीखाली, कोरड्या धुळीत बसली होती. गुडघे टेकून, डोकी एकत्र करून, बोटांनी खड्डे उकरत होती.

बाई उठून बाहेर गेल्या. आम्ही मागे. पहिल्यांदा उठलेल्या मुलीनं मान वर केली आणि बाईंच्या तळहातावर किडा ठेवला. तो मनगटाकडे मागे मागे सरकायला लागला. बाई बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मूलचे पोट्टे बी याच शॉटले उठले होते.”

मीही खाली वाकून त्या किड्याकडे पाहिलं.

“कटाळले समजली मी. ते पाह्यले जाऊन राह्यले होते. ए कॅमेरा, पाह्यले जाऊन राह्यले होते रे! आन् म्या नेमकं तेच कापलं, इतके साल.” रडतील असं वाटलं, पण त्या हसल्या, आणि हातातली कैची कमरेला खोचून खाली धुळीत बसल्या.

मॅडमही वाकून पाहत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. त्या खऱ्या तळमळीनं म्हणाल्या, “बाई, हे फार छान आहे. पण आमच्याकडे मूल उठलं म्हणजे कार्यक्रम पडला असं धरतात.”

“आमच्याकडे बी तसंच धरत होतो, बाई,” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत बाईंनी कुणाला ‘बाई’ म्हणून हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. “तुमी कावळ्याची दाखवा, चांगली हाये. नाई उठत कोनी. माही राहू द्या.”

करार तसाच बॅगेत गेला. परतताना जीपमध्ये मी रागानं धुमसत होतो. ‘काऊन’ दिवाळीनंतर बंद होणार होतं आणि बाईंनी आपल्या हातानं माझ्याही पायावर धोंडा पाडला होता. गडचिरोली मागे पडल्यावर बाईच म्हणाल्या, “कापलेले तुकडे ठेवले हायेस का?”

“काही आहेत.”

“मंग जोडू.”

दिवाळीनंतर केबलवर खरंच साबणाच्या आणि जमिनीच्या जाहिराती आल्या. पहिल्या रविवारी बाईंनी मला बोलावलं. मी गेलो तो त्यांनी आतला टीव्ही ओसरीवर आणून ठेवला होता आणि दाराचा पडदा काढून त्याची पायपुसणी करून टाकली होती. “चॅनल गेलं तं गेलं,” म्हणाल्या, “टीवी तं आपलाच हाये ना.” दोन्ही मशीन भिंतीला सरकवून सतरंजी पसरली होती. गल्लीतली पोरं आली, त्यांच्या आज्या आल्या, पेटीवाले गुरुजी आले. मी नव्यानं जोडलेली फिल्म लावली. दुपारी सावली आखूड काऊन होते? पूर्वी कापलेले सगळे शॉट तिच्यात परत घातले होते, लांब, रेंगाळणारे. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन जाते आणि तिची सावली तिच्या पायातच अडकलेली असते, असा एक होता. माझा फार लाडका.

त्याच शॉटला एक पोरगं उठलं आणि पायऱ्या उतरून उन्हात गेलं. मग दुसरं. मग धडाधड सगळी. रस्त्यावर पोरं आपापल्या पायाखाली पाहत गोल गोल फिरायला लागली, एकमेकांच्या सावलीवर उड्या मारायला लागली. आज्या उठल्या. गुरुजीही गेले. सतरंजीवर एक बाटली आणि एक चप्पल उरली. महोत्सवात लोक उभं राहून टाळ्या वाजवतात तेव्हाही मला कधी असं भरून आलं नाही. माझी फिल्म चालू होती आणि पाहायला कोणीच नव्हतं.

“बंद करू का, बाई?”

“कायले? राहू दे चालू.” बाई पायानं आपल्या चपला शोधत होत्या. “चाल, ऊठ ना बे! आपली सावली कुठी गेली ते पाहून येऊ.”